स्पॅनियल आणताय? आधी पिल्लाची आई बघा

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात सध्या दोन-तीन घरी कॅव्हेलियर नाहीतर कॉकर स्पॅनियल जातीचं कुत्रं आणायचं चाललंय, म्हणून लिहितेय. नुसत्या केनेल क्लबच्या कागदांवर जाऊ नका, त्यात वंशावळ कळते, तब्येत नाही. पिल्लाची आई बघायला मागा, दाखवत नसतील तर सरळ उठून या. कॅव्हेलियरमध्ये हृदयाची झडप खराब व्हायचा आजार खूप, तर आई-बाप निदान २.५ वर्षांचे असताना त्यांचं हृदय तपासलंय का, मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) नाही ना हे विचारा, आजी-आजोबांचंही विचारा, कारण पिल्लूपणी हे सहसा दिसतच नाही, काही वर्षांनी कळतं आणि तोवर पोरांचा जीव जडलेला असतो हो. कॉकर असेल तर आई-बापाची पीआरएची (हळूहळू दृष्टी घालवणारा डोळ्यांचा आनुवंशिक आजार) डीएनए टेस्ट झालीय का विचारा. आणि कान! आमच्या कॉकरचा कान पहिल्याच पावसाळ्यात उचलून बघितला तर आत तपकिरी मळ, आंबूस वास, बिचारी डोकं झटकून झटकून हैराण, तेव्हापासून आंघोळ झाली की कान कोरडे करतेच. ८ आठवड्यांच्या आत पिल्लू आणू नका. बडोद्याच्या मे महिन्यात फिरवायचं ते सकाळी ७ च्या आधीच.