मेंदूचं म्हातारपण समजून घेताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त गल्लत होते ती टेलोमिअरपाशी. गुणसूत्रांच्या टोकांवरची ही आवरणं पेशी विभागताना दर वेळी थोडी झिजतात. ती गुणसूत्रांना कशी जपतात या शोधाला २००९ चं नोबेल मिळालं, तेव्हापासून वय म्हटलं की टेलोमिअर असंच समीकरण झालं. मग अल्झायमरचं खापरही त्यांच्यावरच फुटतं. पण प्रौढ मेंदूतल्या चेतापेशी विभागतच नाहीत! (मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशी, विभागतात, त्यांची गोष्ट वेगळी.) ऐंशी वर्षांच्या माणसाच्या बहुतेक चेतापेशीही ऐंशी वर्षांच्याच असतात. त्वचेची पेशी बिघडली तर तिच्या जागी नवी येते. इथे जन्मभर तीच सांभाळून वापरायची. म्हणून माझ्या मते आधी बघायला हवी ती पेशीची साफसफाई.

पाठीच्या कण्यातून पावलाकडे जाणारा अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा लांब धागा, जवळपास एक मीटर लांब असू शकतो. त्याच्या पार टोकाला एखादं मायटोकॉन्ड्रिया (पेशीचं ऊर्जाकेंद्र) निकामी झालं, तर ते पटलाच्या पिशवीत गुंडाळलं जातं. डायनीन नावाचं प्रथिन ही पिशवी सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून पेशीच्या मुख्य भागाकडे ओढत नेतं. वाटेत तिला लायसोसोम, म्हणजे पाचक रसांच्या पिशव्या, येऊन मिळतात, आतला माल विरघळतो आणि सुटे भाग पुन्हा कामी येतात. ही ऑटोफॅजी. तिची जनुकं यीस्टमध्ये शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. वयाबरोबर हे काम मंदावतं. शिवाय या रुळांना आधार देणारं टाउ प्रथिन अल्झायमरमध्ये सुटतं आणि त्याचेच गुंते होतात.

दुसरी चूक म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाचे थर दिसले की स्मृती गेलीच असं धरून चालणं. शवविच्छेदनात भरपूर थर सापडले, पण हयातीत स्मरणशक्ती शाबूत होती, अशी माणसं आहेत. लक्षणांशी जास्त जुळतं ते टाउच्या गुंत्यांचं प्रमाण. अमायलॉइड हटवणाऱ्या लेकॅनेमॅब या औषधाने सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांची घसरण १८ महिन्यांत सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. थांबवली नाही, हे घरच्यांनी आधीच समजून घ्यावं.

जनुक चाचणीच्या अहवालाने तर माणसं उगाच खचतात. एपीओई-४ हा जनुकाचा प्रकार असला तर अल्झायमरचा धोका वाढतो, पण तो असूनही अनेकांना आजार होत नाही आणि नसूनही अनेकांना होतो. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचं तसं नाही: तिथे जनुकात सीएजी हा डीएनएच्या अक्षरांचा क्रम ४० किंवा जास्त वेळा आला, तर पुरेसं आयुष्य लाभलेल्याला आजार होतोच.

आणि कृपा करून, कोणी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ ची कमतरता, मंदावलेलं थायरॉइड, नैराश्य, काही झोपेच्या गोळ्या यांनीही विसरभोळेपणा येतो. पहिल्या दोन गोष्टी रक्ततपासणीत कळतात. गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवायला पाच मिनिटं पुरतात.