चुकलेली तीन दानं: डी अँड डीमध्ये कॅरेक्टर मरतं तेव्हा डीएमने काय करावं

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या फाशांच्या कथाखेळात डीएम (डंजन मास्टर) गोष्ट आणि शत्रू चालवतो, बाकीचे प्लेयर आपापलं कॅरेक्टर. पहिल्या लेव्हलचा विझार्ड (जादूगार), कमाल एचपी (जीव मोजणारे हिट पॉइंट) ८. समोर ऑर्क (राक्षसी योद्धा), हातात ग्रेटअॅक्स (मोठी कुऱ्हाड), डॅमेज १डी१२+३, म्हणजे बारा बाजूंचा एक फासा अधिक ३. हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशावर (डी२०) वीस पडले की क्रिट, म्हणजे डॅमेजचे फासे दुप्पट: २डी१२+३. डॅमेज १६ किंवा जास्त आलं तर विझार्डचे आठ एचपी संपतात आणि वर आठ उरतात. उरलेलं डॅमेज कमाल एचपीइतकं झालं की कॅरेक्टर जागच्या जागी मरतं, डेथ सेव्ह (मरणाच्या दारातलं बचावाचं दान) टाकायचीही वेळ येत नाही. क्रिट पडल्यावर १६ किंवा जास्त येण्याची शक्यता ५४ टक्के आहे. कॅरेक्टर बनवायला तीन तास घालवलेला प्लेयर पंधराव्या मिनिटाला रिकामा बसतो आणि त्यात चूक कुणाचीच नसते. दोष असतो तो शत्रूच्या निवडीत.

म्हणून लढाई मांडण्याआधी एक हिशेब करा. पार्टीतल्या (प्लेयरच्या कॅरेक्टरांच्या गटातल्या) सगळ्यात नाजूक कॅरेक्टरचे कमाल एचपी दुप्पट करा आणि शत्रूच्या एका क्रिटचं जास्तीत जास्त डॅमेज त्याच्याशी ताडून बघा. गॉब्लिन या छोट्या राक्षसाचं क्रिट २डी६+२, म्हणजे फार तर १४. विझार्डचा आकडा १६. पूर्ण एचपी असलेल्या विझार्डला गॉब्लिन एका घावात मारू शकत नाही. ऑर्कचं क्रिट २७ पर्यंत जातं, त्यामुळे ऑर्क तिसऱ्या लेव्हलपर्यंत राखून ठेवलेले बरे. पण हा हिशेब ताज्या कॅरेक्टरचा आहे. त्याच विझार्डचे तीनच एचपी उरले असतील तर ११ डॅमेज पुरतं, आणि गॉब्लिनच्या क्रिटमध्ये तेवढं येण्याची शक्यता २८ टक्के आहे. जखमी पार्टी विश्रांती न घेता पुढचं दार उघडायला निघाली, तर हा धोका त्यांना कळेल अशा शब्दांत सांगा.

आता डेथ सेव्ह. या लेखातले सगळे आकडे आणि नियम २०१४ च्या आवृत्तीचे आहेत. शून्यावर आलेलं कॅरेक्टर आपल्या प्रत्येक टर्नच्या (पाळीच्या) सुरुवातीला डी२० टाकतं. १० किंवा वर आलं तर यश, खाली आलं तर अपयश. नॅचरल १ (फाशावरच १) म्हणजे दोन अपयशं. नॅचरल २० पडलं की १ एचपीसह शुद्धीवर. तीन यशं झाली की स्थिर, तीन अपयशं झाली की मृत्यू. कुणीच मध्ये पडलं नाही तर मरण्याची शक्यता साधारण ४० टक्के. पहिलंच दान चुकलं की ती ५८ वर जाते, दोन अपयशं झाली की ७९ वर. मात्र पडलेल्याला कुणी मारलं नाही तर पहिल्या दानात मृत्यू येऊच शकत नाही, आणि दुसऱ्या दानापर्यंत तो येण्याची शक्यता जेमतेम ४ टक्के असते.

हे गणित अनुभवी प्लेयरना तोंडपाठ असतं. म्हणून मित्र रक्ताच्या थारोळ्यात पडलेला असताना ते निवांतपणे 'अजून एक टर्न थांबू' म्हणतात. यावर साधा उपाय आहे: डेथ सेव्हचा फासा टाकल्यावर त्यावर स्टीलची वाटी पालथी घालायची. प्लेयर आणि डीएम दोघांनीच वाटी उचलून आत बघायचं, इतरांना काही सांगायचं नाही. वाटीकडे बघत बसलेलं टेबल लगेच हलतं. हल्ल्याचे आणि डॅमेजचे फासे मात्र डीएमने सगळ्यांसमोर टाकावेत, पडद्याआड नकोत.

खरा घात होतो तो पडलेल्यावर हल्ला झाल्यावर. बेशुद्ध कॅरेक्टरवर ५ फुटांच्या आतून घाव लागला की तो आपोआप क्रिट धरतात, म्हणजे एका घावात दोन अपयशं. एका टर्नमध्ये दोनदा मारणाऱ्या शत्रूचे दोन्ही घाव लागले तर खेळ संपला. फायरबॉलसारख्या स्पेलच्या (मंत्राच्या) टप्प्यात पडलेला सापडला तर एक अपयश. नियमाने हे सगळं बरोबरच आहे, पण आधी सूचना हवी. 'टोळीप्रमुखाने तुमच्या क्लेरिकला पडलेल्याला उठवताना पाहिलंय, आता तो पडलेल्यावर कुऱ्हाड उगारतोय' असं म्हणा (क्लेरिक म्हणजे जखमा भरणारा पुजारी) आणि पार्टीला एक टर्न द्या. लांडगा शुद्धीवर असलेल्यांकडे वळेल, भाडोत्री मारेकरी नाही वळणार. शत्रूचा स्वभाव आधी ठरवून ठेवलात की ऐन लढाईत तुमचा हात डळमळत नाही.

पार्टीच्या बाजूने बघितलं तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हीलर्स किट: ५ सोन्याची नाणी, दहा वापर, फासा न टाकता पडलेला स्थिर होतो. किट नसेल तर मेडिसिन चेक (वैद्यकीचं दान), डीसी १०, म्हणजे १० किंवा वर यायला हवं. किट दोघांकडे ठेवा, कारण एकाकडेच असली तर नेमका तोच पडतो. हीलिंग वर्ड हे स्पेल ६० फुटांवरून आणि बोनस अॅक्शनमध्ये (टर्नमधल्या जादा छोट्या कृतीत) होतं, त्यामुळे क्लेरिकला धावत जावं लागत नाही. पण त्याच टर्नमध्ये अॅक्शन वापरून दुसरं स्पेल टाकायचं असेल तर ते कॅन्ट्रिपच (कितीही वेळा टाकता येणारं साधं स्पेल) हवं, आणि हे हमखास विसरलं जातं. ब्लेस हे स्पेल चालू असेल तर डेथ सेव्हमध्ये १डी४ जादा मिळतो आणि यशाची शक्यता ५५ वरून साडेसदुसष्ट टक्क्यांवर जाते. जपून ठेवलेलं इन्स्पिरेशन (डीएमने दिलेलं बक्षीस) इथे वापरलं की अॅडव्हान्टेजमुळे (दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा) ब्लेस नसतानाही ती ८० होते. हाफलिंग या बुटक्या जमातीच्या कॅरेक्टरचं नशीब इथेही चालतं: एक पडला की फासा पुन्हा टाकायचा.

आता फसवणुकीबद्दल. वाईट दान पडलं म्हणून डीएमने आकडा बदलू नये. एकदा हे उघडं पडलं की आधीचे सगळे विजयही खोटे वाटू लागतात, आणि ते उघडं पडतंच. मृत्यू नको असेल तर फासा हातात घेण्याआधी सांगा: 'हे चुकलं तर मरणार नाहीस, पण कैद होशील.' तिसऱ्या अपयशाला मृत्यूऐवजी कायमची जखम किंवा हरवलेलं शस्त्र, असा पर्याय ठेवायचा तर तो सेशन झिरोमध्येच (खेळाआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीत) ठरवा. दान पडल्यानंतर काढलेला नियम म्हणजे मेहेरबानी, आणि दुसऱ्या कुणाचं कॅरेक्टर मेलं की त्याला ती बोचते.

मृत्यू झालाच तर घाई करू नका. शेवटचं वाक्य, शेवटची हालचाल त्या प्लेयरला सांगू द्या, बाकीच्यांनी गप्प राहावं. मेलेल्याला परत आणणारं रिव्हिव्हिफाय हे स्पेल एका मिनिटाच्या आत, म्हणजे दहा राउंडमध्ये (सगळ्यांच्या पाळ्यांच्या दहा फेऱ्यांत) व्हावं लागतं आणि त्यात ३०० सोन्याच्या नाण्यांचे हिरे खर्ची पडतात. रेझ डेड या तशाच स्पेलला दहा दिवसांची मुदत, पण ५०० चा हिरा लागतो, आणि परतलेल्याला सुरुवातीला हल्ले, सेव्ह आणि चेकवर उणे ४. दर लाँग रेस्टला (रात्रभराच्या विश्रांतीला) ते एकने कमी होतं. पार्टीकडे पैसा असतो, हिरा नसतो. क्लेरिक पाचव्या लेव्हलला पोचण्याआधी (रिव्हिव्हिफाय तिथे मिळतं) खजिन्यात एक हिरा ठेवा.

नवं कॅरेक्टर पार्टीच्याच लेव्हलचं असावं आणि अर्ध्या तासात टेबलावर यावं: वाटेत भेटलेला कैदी, जखमी दूत, काहीही चालेल. तोवर त्या प्लेयरच्या हातात एखादा एनपीसी (एरवी डीएम चालवतो ते पात्र) किंवा शत्रूच द्या. मेलेल्याचं सामान त्याच्या घरच्यांकडे पोचवायला लावा, नाहीतर नवा माणूस आपलं सामान घेऊन येतो, जुन्याचंही पार्टीत वाटलं जातं आणि पुढच्या चार लढाया फुसक्या होतात.