रुमाल निघाले म्हणजे उपदेश झाला असं नाही

सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, संपल्यावरच्या दोन वर्षांत मी उपदेशात एकच गोष्ट सहा मंडळ्यांत (चर्चच्या समूहांत) सांगितली: बाबांच्या शेवटच्या रात्रीची. शास्त्रपाठ कुठलाही असो, शेवट तिथेच. पहिल्यांदा सांगितली तेव्हा बाबांनी नुसता माझा हात धरला होता. दुसऱ्या मंडळीत त्यांचे ओठ हलले. तिसरीत त्या ओठांतून ‘सोडू नकोस’ आलं. चौथीत त्याचं ‘प्रभूला सोडू नकोस’ झालं, आणि रुमाल निघाले. सहाव्या वेळी पुढच्या बाकावर ताई होती. उपासना संपल्यावर तिने एवढंच विचारलं, “बाबा असं कधी म्हणाले रे? मीपण तिथेच होते ना.”

खोटं बोलायचं असं मी कधीच ठरवलं नव्हतं. नव्या उपदेशकाला मला हेच सांगायचं आहे. हे ठरवून होत नाही. व्यासपीठावरून चेहरे दिसतात. जिथे चेहरे हलतात तिथे जीभ पुढच्या वेळी थोडी जास्त रेंगाळते, जिथे चुळबूळ होते तो भाग आपोआप गळतो. प्रत्येक बदल इतका बारीक असतो की आपला आपल्यालाच कळत नाही. अठराव्या शतकातला फिरता उपदेशक जॉर्ज व्हिटफील्ड याच्याबद्दल बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात लिहिलंय की नवा उपदेश आणि गावोगावी घोटलेला उपदेश यांतला फरक आपल्याला ऐकून ओळखता येई. घोटलेल्यात प्रत्येक चढउतार जागच्या जागी. त्याच व्हिटफील्डला दमडी द्यायची नाही असं ठरवून बसलेल्या फ्रँकलिनने शेवटी खिशातली तांब्याची, चांदीची, सोन्याची सगळी नाणी दानपात्रात रिकामी केली. घोटण्यात एवढी ताकद आहे. आवाज घोटा, हरकत नाही. पण आपण घटनाही घोटत असतो, आणि तिचे साक्षीदार सहसा समोर नसतात.

म्हणून स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग वापरायचा असेल तर आधी एकदा कागदावर उतरवा, तारीख घाला आणि त्या वेळी हजर असलेल्या एखाद्याला वाचायला द्या. पुढे कितीही वेळा सांगा, कागदाबाहेरचं वाक्य तोंडात आलं तर गिळा.

दुसऱ्यांचे गाजलेले उपदेश ऐकून त्यांचे हुंदके उचलणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. “किती जण रडले?” असं विचारणारा मार्गदर्शक मात्र बदला. मला तसाच भेटला होता, आणि त्याच्या शाबासकीची मला चटक लागली होती.

आता उलट बाजू. ताईच्या प्रश्नानंतर मी आठ महिने असा कोरडा उपदेश केला की नव्या कराराच्या मूळ ग्रीकमधल्या क्रियापदांचे काळ ऐकून मंडळी बिचारी दमली. तेही चूकच. बायबलमधला प्रेषित पौल करिंथकरांना पहिल्या पत्रात सांगतो की त्याची घोषणा मन वळवणाऱ्या ज्ञानी शब्दांवर उभी नव्हती; दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तोच म्हणतो, आम्ही माणसांची मनं वळवतो. दोन्ही वाक्यं त्याचीच आहेत, सोयीचं एक उचलू नका. अमेरिकेतला उपदेशक जोनाथन एडवर्ड्स १७४१ मध्ये एन्फिल्ड गावात बोलत असताना आक्रोश इतका वाढला की त्याला मध्येच थांबावं लागलं. त्याच एडवर्ड्सने १७४६ च्या ग्रंथात लिहिलं की भावनांचा जोर किंवा शरीरावर दिसणारा परिणाम यावरून ते काम देवाचं आहे असंही ठरत नाही आणि नाही असंही ठरत नाही. घाबरलात तर हे वाचा, मला धीर आला होता.

भावना कशी वापरावी हे शिकायला मला बायबलमधला संदेष्टा नाथान पुरतो. गरिबाची एकुलती कोकरी श्रीमंताने बळकावल्याची त्याची गोष्ट ऐकून, दुसऱ्याची बायको घेतलेला राजा दावीद संतापला, आणि तो संताप ओसरायच्या आत ‘तो मनुष्य तूच आहेस’ आलं. गोष्ट त्या वाक्यासाठीच होती. माझी बाबांची गोष्ट कुठल्याच वचनासाठी नव्हती. रोमकरांस पत्र असो की स्तोत्र, ती कशालाही चिकटायची. चिकटते म्हणजेच ती तिथली नाही.

आवाहनाच्या वेळचं, म्हणजे उपदेशानंतर लोकांना पुढे यायला सांगतात तेव्हाचं, हलकं संगीतही एकदा बंद करून बघा. कुणीच पुढे आलं नाही, तर आधी लोकांना कोण उठवत होतं याचा विचार करा. (यावर माझं अनेक पाळकांशी वाजलंय. वाजू दे.)

आणि बोलता बोलता तुमचाच कंठ दाटला तर? थांबा, पाणी प्या, लाजू नका. पण पुढच्या मंडळीत बरोबर त्याच ओळीवर पुन्हा दाटला, तर ती ओळ टिपणातून खोडा.