मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज घ्यावं का? फीचं गणित आणि माझा अनुभव

मुलींच्या कॉलेजची चौकशी बहुतेक घरांत वडील करतात, आणि ती सुरक्षिततेपुरतीच असते. गेट किती वाजता बंद होतं, रेक्टर कडक आहेत का, वगैरे. मुलीने स्वतः विचारायचे प्रश्न वेगळे आहेत.

मी बार्शीहून पुण्याला कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजला आले. 1991 साली सुरू झालेलं हे कॉलेज महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं. कर्वेनगर म्हणजेच जुनं हिंगणे, अण्णांनी, म्हणजे महर्षी कर्व्यांनी, मुलींच्या शिक्षणाचं काम जिथे वाढवलं ते. मुंबईत जुहूला एसएनडीटी महिला विद्यापीठाचं उषा मित्तल कॉलेज आहे, पुण्यातच भारती विद्यापीठाचंही मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तेव्हा पर्याय एकच नाही.

मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट वर्कशॉपमधली. लेथवर जॉब करायला, मशीन उघडायला, प्रोजेक्टचं सोल्डरिंग करायला दुसरं कोणी नव्हतंच. मिश्र कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणी सांगायच्या की ग्रुपमध्ये हत्यारं मुलांच्या हातात आणि जर्नल मुलींच्या. सगळीकडे असं होतं असं मी म्हणणार नाही, पण माझ्या हाताला जी सवय लागली ती पहिल्या नोकरीत थेट उपयोगी पडली. अवघड गेलं ते पुढचं: शॉपफ्लोअरवर सगळे पुरुष, आणि मीटिंगमध्ये मध्येच बोलायची सवय नाही. म्हणून इंटर्नशिप आणि दुसऱ्या कॉलेजांतल्या स्पर्धा यांत आवर्जून उतरा. आणि हवी ती ब्रँच मिश्र कॉलेजात मिळत असेल, तर मी ब्रँचलाच झुकतं माप देईन.

आता पैसे. माझ्या वेळी अर्धी फी माफ होती. उरलेल्या अर्ध्यासाठी बाबांनी सोसायटीचं कर्ज काढलं. धाकट्या बहिणीच्या वेळी चित्र बदललं. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी गटांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट महत्त्वाची: प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की ही सवलत गेली. एससी, एसटीसाठीच्या योजना वेगळ्या आहेत.

'फी माफ' ऐकून घरचे निश्चिंत होतात, पण खरा खर्च नंतर कळतो. वसतिगृह, मेस, प्रवास, लॅपटॉप यांतलं काहीही या माफीत येत नाही. कॉलेजचं वसतिगृह मिळालं नाही तर कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं भरून, राहावं लागतं, आणि तिथे डिपॉझिट एकदम द्यावं लागतं. म्हणून कॉलेजच्या फीआधी राहण्याचा आकडा काढा. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलीने डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना नक्की बघावी. एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मुलींसाठीची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला 50,000 रुपयांची आहे. तिथेही उत्पन्नाची मर्यादा 8 लाख, आणि एका घरातल्या दोनच मुलींना ती मिळते. दोन योजना एकत्र चालतात का, हे अर्ज भरण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारून घ्या.

कागदपत्रं निकालाची वाट न बघता काढा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेयर आणि जात पडताळणी. जूनमध्ये सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून मिळणारे शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, तेव्हा बँकेत जाऊन मुलीच्या नावाचं खातं जोडलेलं आहे ना, ते बघा.

शेवटी कटऑफची यादी. त्यात एलने सुरू होणारे कोड मुलींच्या जागांचे, जीने सुरू होणारे सर्वसाधारण. मिश्र कॉलेजांत मुलींना 30 टक्के जागा असतात, पण मुलगी जीच्या जागेवरही बसू शकते. तेव्हा दोन्ही रांगा वाचा आणि पसंतीक्रम खरोखर आवडीच्या क्रमानेच लावा. पहिल्या पसंतीची सीट लागली की ती आपोआप फ्रीझ होते, पुढच्या राउंडमध्ये बदल करता येत नाही.