पोस्टवरचा दिवस आणि हाती लागलेली शत्रूची रायफल

ठाण्यात येऊरला किंवा पारसिकच्या टेकडीवर रोज पळणाऱ्या पोरांचा दम चांगला असतो, आणि लडाखची पोस्टिंग आली की नेमकी तीच पोरं फसतात. ठाणं खाडीकाठी, लेह साडेअकरा हजार फुटांवर. विरळ हवेची सवय शरीराला पळून होत नाही, थांबूनच होते. म्हणून लष्कराचा हिशेब ठरलेला आहे: ९ ते १२ हजार फुटांवर ६ दिवस, १५ हजारांपर्यंत आणखी ४, त्याच्या वर पुन्हा ४. पहिले २ दिवस नुसता आराम. डोकं ठणकलं, ओकारी आली तर लगेच सांगायचं. लपवलं की प्रकरण फुफ्फुसात पाणी होण्यापर्यंत जातं.

पोस्टवर उजाडण्याआधी आणि अंधार पडताना ‘स्टँड-टू’ असतो. सगळे हत्यारासकट आपापल्या मोर्चात, म्हणजे लढायच्या जागेवर, कारण हल्ल्याला अर्धवट उजेड सोयीचा. बाकी दिवस संत्री ड्यूटी म्हणजे पहारा, गस्त, पाणी-रेशन वाहणं. झोप तुकड्यातुकड्यांत मिळते. सिनेमात न दिसणारं काम म्हणजे हत्यार सफाई: पुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी), चिंदी, तेल. थंडीत तेलाचा हात आखडता ठेवा. जास्त झालं की ते घट्ट होतं आणि बोल्ट (गोळी आत ढकलणारा भाग) जड चालतो. बाहेरची गार रायफल शेकोटीच्या बंकरात आणली की धातूवर दव धरतं. ते न पुसता पुन्हा बाहेर नेली तर आतल्या आत गोठतं.

आता शत्रूचं हत्यार. पडलेली रायफल दिसली की हात पुढे जातो, तिथेच थांबा. तिच्याखाली पिन काढलेला ग्रेनेड असू शकतो. आधी बॉम्बशोधक पथक, मग आपण.

पथकाने मोकळीक दिल्यावर नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरबाहेर. एके-४७ किंवा तिची चिनी बहीण टाइप ५६ असेल, तर उजवीकडची पट्टी वर म्हणजे सेफ, मध्ये ऑटो, खाली एकेक फैर. पट्टी वर असताना बोल्ट ओढायचं हँडल पूर्ण मागे येत नाही. जोर लावू नका. आधी मॅगझिन काढा, मग पट्टी खाली, मग हँडल ओढून चेंबर (नळीमागची गोळी बसायची जागा) डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. क्रम उलटा झाला तर एक गोळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधली दुसरी आत जाते. नवख्यांची चूक बहुधा इथेच होते. आणखी एक: शेवटची गोळी सुटल्यावर एकेचा बोल्ट मागे अडकून राहत नाही, त्यामुळे बाहेरून बघून रिकामी की भरलेली हे कळत नाही. टाइप ५६ ओळखायची तर नळीच्या टोकाशी नेम धरायच्या माशीभोवतीचं कडं बघा, ते पूर्ण गोल असतं.

सापडलेली काडतुसं वापरायची नाहीत, माप जुळलं तरी. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने बिघडवलेली काडतुसं मुद्दाम शत्रूच्या साठ्यात मिसळली होती. झाडली की रायफलच फुटायची. शिवाय ७.६२ मिमी हा जाडीचा आकडा फसवा आहे: ३९ मिमी लांबीच्या पुंगळीचं काडतूस ५१ मिमीवाल्या रायफलीत चालत नाही.

मग कागद. जागा, वेळ, कोणाला सापडलं, नंबर, मॅगझिन किती, गोळ्या किती. गोळ्या दोघांनी वेगवेगळ्या मोजाव्यात. एका गोळीचा फरक पडला तर चौकशी लांबते. नंबर खरवडलेला असेल तर तसंच लिहा. घासून बघायचा मोह नको, तो प्रयोगशाळेत ॲसिडने उठवता येतो. अंतर्गत सुरक्षेच्या भागात जप्त माल पोलिसांकडे जातो आणि पुढे न्यायालयात पुरावा ठरतो, म्हणून सील आणि चिठ्ठी महत्त्वाची. घोडबंदरच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो? अजिबात नाही.

सुट्टीवर निघताना पिट्ठूचे (पाठीवरच्या पिशवीचे) सगळे कप्पे उलटे करून झटका. जिवंत काडतूस घरी सापडलं तर १९५९ चा शस्त्र कायदा लागतो, आणि झाडलेल्या गोळीचं रिकामं खोकंसुद्धा विमानतळाच्या तपासणीत अडकवतं. ते आठवण म्हणून ठेवलं होतं, हे तिथे कोणी ऐकून घेत नाही.