ब्रश दिसला की ओठ घट्ट मिटणारा मुलगा: शेवटी काय चाललं (माझा अनुभव)

मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम आहे. ब्रश तोंडात गेला की ओकारी, किंचाळणं. कार्टूनचा ब्रश, स्टिकरचं आमिष, बॅटरीवरचा ब्रश, सगळं करून झालं (बॅटरीच्या घरघरीनं तर तो बाथरूममध्येच यायचा बंद झाला). दीड वर्ष रोज सकाळी आम्ही दोघंही रडकुंडीला यायचो.

ऑक्युपेशनल थेरपिस्टनी (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) विचारलं, "त्रास ब्रशचा की पेस्टचा?" घरी येऊन कोरडा ब्रश हातात दिला, तर पठ्ठ्या मजेत चावत बसला! वैरी होता पुदिन्याचा झोंबरेपणा आणि फेस.

मग क्रम असा. पहिला आठवडा नुसता ओला ब्रश. त्यानंतर बिनचवीची पेस्ट, वाटाण्याएवढी: फ्लोराइड असलेली, पण सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली, कारण फेस त्याचाच. सिंकसमोर उभं करणं बंद. मी जमिनीवर बसते, तो माझ्या पोटाला पाठ टेकून. आधी दोन्ही गालांवर तळव्यांनी घट्ट दाब, कारण हलका स्पर्श त्याला बोचतो. सुरुवात पुढच्या दातांच्या बाहेरून, दाढा शेवटी. प्रत्येक भागाला मोठ्यानं दहा आकडे, आणि दहाला ब्रश बाहेर. दात राहिले तरी बाहेर. एकदा "थोडंच राहिलंय रे" म्हणत मी बारापर्यंत गेले, तर पुढचे चार दिवस परत ओठ बंद.

सहाव्या आठवड्यापासून आकडे तोच मोजतो. सात-आठ जरा घाईनं म्हणतो, चालतं. जिभेला मात्र अजून ब्रश लावू देत नाही.