मेंदूतील गाठ आणि लिम्फोमा : निदानापूर्वी आणि उपचारांच्या काळात या चुका टाळा

मेंदूच्या एमआरआयमध्ये गाठ दिसली की घरातल्या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : ऑपरेशन करून ती काढून टाकता येईल ना? प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याचे उत्तर गाठ कोणती आहे यावर ठरते. मेंदूच्या आवरणातून वाढणारा मेनिंजिओमा बहुतेक वेळा कर्करोगाचा नसतो आणि तो पूर्ण निघाला तर अनेकांना पुढे केवळ तपासणीसाठी यावे लागते. ग्लिओब्लास्टोमा या वेगाने वाढणाऱ्या मेंदूच्या कर्करोगात शक्य तितकी गाठ काढूनही नंतर किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या गोळ्या घ्याव्या लागतात. मध्यवर्ती मज्जासंस्थेचा प्राथमिक लिम्फोमा मात्र वेगळा आहे. लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा हा कर्करोग मेंदू, मज्जारज्जू, त्यांच्याभोवतीचे पाणी किंवा डोळा एवढ्याच ठिकाणी उद्भवतो, आणि त्यात शस्त्रक्रियेचे काम बहुधा तपासणीसाठी गाठीचा छोटा तुकडा मिळवणे (बायोप्सी) एवढेच असते. खरा उपचार औषधांचा असतो. तुकड्याचा अहवाल हाती येण्यापूर्वीच, रुग्णाला पडलेल्या आरामावरून निष्कर्ष काढला जातो, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

बायोप्सीपूर्वी स्टेरॉइड

गाठीभोवतीची सूज कमी करण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. दोन दिवसांत डोकेदुखी थांबते, उलट्या थांबतात, अडखळणारा रुग्ण नीट चालू लागतो आणि घरच्यांना हायसे वाटते. इतर गाठींत हा आराम सूज उतरल्याचा असतो. लिम्फोमामध्ये मात्र स्टेरॉइड थेट कर्करोगाच्या पेशीच मारते, त्यामुळे गाठ पाण्यातल्या मिठाच्या खड्यासारखी आक्रसते, कधी एमआरआयवर दिसेनाशी होते. अशा वेळी केलेल्या बायोप्सीत अनेकदा मृत पेशी आणि सूज यांपलीकडे काही सापडत नाही, अहवाल ‘निश्चित निदान नाही’ असा येतो, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी रोग पुन्हा डोके वर काढतो. मधला काळ आजार बरा झाल्याच्या समजुतीत गेलेला असतो.

म्हणून पहिले इंजेक्शन देण्यापूर्वी न्यूरोसर्जनला सरळ विचारावे : ‘या एमआरआयवरून लिम्फोमाची शंका येते का? येत असेल तर बायोप्सी होईपर्यंत स्टेरॉइड टाळता येईल का?’ असा प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. रुग्णाची शुद्ध हरपत असेल, मेंदूवरील दाब वाढत असेल, तर जीव वाचवण्यासाठी स्टेरॉइड द्यावेच लागते आणि तो निर्णय डॉक्टरांचाच असतो. सुरू असलेले स्टेरॉइड हा लेख वाचून स्वतःहून बंद करणे ही तर त्याहून मोठी चूक ठरेल. बरेच दिवस घेतलेले औषध एकदम थांबवले तर रक्तदाब धोकादायकरीत्या खाली येऊ शकतो. ते आधीच दिले गेले असेल तर कोणत्या तारखेपासून, किती मात्रेत, किती दिवस, हे लिहून बायोप्सी करणाऱ्या डॉक्टरांना द्यावे. त्यावरून ते औषध हळूहळू कमी करून पुन्हा एमआरआय काढायचा की लगेच बायोप्सी करायची, हे ठरवू शकतात.

हे टिपण करणे आपल्याकडे अवघड जाते, त्याचेही कारण आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा येथून रुग्ण नागपूरला पोहोचतो तोवर गावात आणि तालुक्याला त्याच्यावर उपचार झालेले असतात. ‘डोकेदुखीचे इंजेक्शन दिले होते’ एवढेच नातेवाइकांना ठाऊक असते. त्या दवाखान्यात फोन करून औषधाचे नाव विचारा, चिठ्ठी असेल तर मोबाइलवर तिचा फोटो मागवा. नागपूरच्या मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत ओपीडीच्या रांगेत उभे असतानाही हा फोन करता येतो, आणि त्याचा उपयोग कधी कधी महागड्या तपासणीहून अधिक होतो.

टीबीची औषधे लागू पडली, असे गृहीत धरणे

आपल्या देशात मेंदूतील टीबीची गाठ आणि पट्टकृमीच्या अळीमुळे होणारा न्यूरोसिस्टिसर्कोसिस हे दोन्ही आजार आढळतात आणि एमआरआयवर ते ट्यूमरसारखे दिसू शकतात. त्यामुळे तुकडा न काढता एकेटी, म्हणजे टीबीची औषधे, सुरू करण्याचा निर्णय काही रुग्णांत योग्यच असतो. पण मेंदूच्या टीबीत एकेटीबरोबर स्टेरॉइडही देतात, हे नातेवाइकांना सहसा कोणी समजावून सांगत नाही. रुग्ण सुधारला की श्रेय एकेटीला जाते. प्रत्यक्षात लिम्फोमा स्टेरॉइडने तात्पुरता दबलेला असू शकतो. स्टेरॉइड कमी करताच त्रास परत सुरू झाला, तर एकेटीचे आणखी काही महिने वाट पाहण्याऐवजी बायोप्सीचा विषय काढावा.

एचआयव्हीच्या चाचणीला नकार

लिम्फोमाची शंका असताना एचआयव्हीची चाचणी सांगितली की काही घरांत अपमान झाल्यासारखे वाटते. ती कोणाच्या वागणुकीवर शंका म्हणून सांगितलेली नसते. प्रतिकारशक्ती फार घटली असेल तर हा लिम्फोमा होण्याचा धोका वाढतो आणि उपचारही बदलतात, म्हणून ही चाचणी प्रत्येकाला सांगतात. हिपॅटायटिस बीची चाचणीही अशीच आवश्यक आहे, कारण लिम्फोमात दिल्या जाणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधाने शरीरात सुप्त असलेला तो विषाणू जागा होऊन यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

रोग शरीरात अन्यत्र नाही ना, हे पाहण्यासाठी पेट-सीटी, पुरुषांत वृषणांची सोनोग्राफी, आणि शक्य असेल तेव्हा कमरेतून पाणी काढून तपासणी करतात. डोळ्यांचे मात्र सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. साठीच्या पुढच्या माणसाला धूसर दिसू लागले, डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगू लागले, की मोतीबिंदू म्हणून विषय संपवला जातो. लिम्फोमा डोळ्यातही असू शकतो, म्हणून नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्पची तपासणी करून घ्यावी आणि मेंदूत गाठ असल्याचे त्यांना आवर्जून सांगावे.

ब्लॉक आणि स्लाइड न घेता दुसरे मत मागणे

मुंबईला टाटामध्ये दाखवायला निघालेली मंडळी एमआरआयच्या फिल्म घेऊन जातात आणि बायोप्सीचा ब्लॉक विसरतात. ब्लॉक म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या चौकटीत मेणात बसवलेला, तुमच्या रुग्णाच्या गाठीचा तुकडा. पुढच्या सगळ्या चाचण्या त्यावरच होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात मेंदूच्या गाठीचे नाव केवळ सूक्ष्मदर्शकाखालच्या रूपावरून ठरत नाही. आयडीएच आणि १पी/१९क्यू यांसारख्या जनुकीय चाचण्या अनेकदा लागतात. पॅथॉलॉजी विभागात अर्ज देऊन ब्लॉक आणि स्लाइड घ्याव्यात आणि त्यांवरचा क्रमांक अहवालावरील क्रमांकाशी जुळवून पाहावा. एमआरआयची सीडीही मागून घ्यावी. नागपूरच्या मे महिन्यात हे पाकीट बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, कारण त्या उष्णतेत मेण मऊ पडून तुकडा खराब होऊ शकतो.

मेथोट्रेक्सेटच्या दिवसांतील घाई

लिम्फोमाचा मुख्य उपचार म्हणजे शिरेतून दिलेले जास्त मात्रेचे मेथोट्रेक्सेट. शरीराच्या प्रत्येक चौरस मीटर क्षेत्रफळामागे साधारण ३ ग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा दिली, तरच ते मेंदूत पुरेसे पोहोचते. एवढी मात्रा सोसावी म्हणून आधीपासून भरपूर सलाइन देतात, लघवी आम्लयुक्त राहू नये म्हणून सोडाबायकार्ब देतात आणि ठरलेल्या तासापासून ल्युकोव्होरिन सुरू करतात. ल्युकोव्होरिन निरोगी पेशींना वाचवते. त्याची वेळ चुकणे जिवावर बेतू शकते. तासाची नोंद नर्स ठेवतातच, पण सोबतच्या माणसानेही ती वहीत ठेवावी आणि उशीर होतोय असे दिसताच विचारावे.

रक्तातील मेथोट्रेक्सेटची पातळी सुरक्षित मर्यादेखाली आल्याखेरीज सुटी मागू नये. घरी कार्य आहे, पलंगाचे भाडे वाढते आहे, रुग्ण ठीक दिसतो आहे, ही कारणे खरी असतात. पण औषध मूत्रपिंडातून बाहेर पडायला वेळ लागतो आणि मूत्रपिंड बिघडायला लागले तरी पहिल्या दिवशी रुग्णाला काहीच जाणवत नाही. या काळात अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून देऊ नये. स्टेरॉइडबरोबर सवयीने घेतलेली पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी आणि को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक यांमुळेही मेथोट्रेक्सेट शरीरात साचू शकते, म्हणून चालू असलेल्या प्रत्येक गोळीची यादी दरवेळी भरती होताना डॉक्टरांना दाखवावी. गावाकडून आणलेला काढाही त्या यादीत असावा. उन्हाळ्यात भरतीपूर्वी उलट्या-जुलाब झाले असतील, पाणी कमी पडले असेल, तर ते लपवू नये. उपचार दोन दिवस पुढे गेलेले परवडतात.

खर्चाचे काम उपचार सुरू होण्याआधीच करावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये आधी मंजुरी घ्यावी लागते. मेडिकल आणि त्याचे सुपर स्पेशालिटी, मिहानमधील एम्स, तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट यांपैकी जिथे जायचे तिथे, आपल्या रुग्णाचा नेमका उपचार योजनेत बसतो का, हे विचारून मगच भरती व्हावे.

फिट आली असता

कांदा, चप्पल, किल्ली यांपैकी काहीही उपयोगाचे नाही. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत आणि घड्याळ पाहावे. फिट ५ मिनिटांहून जास्त चालली किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन करावा. फिट रोखण्यासाठी दिलेल्या लेव्हेटिरॅसिटॅमने काहींची चिडचिड फार वाढते. तसे झाल्यास गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगावे, पर्यायी औषधे आहेत. डॉक्टर परवानगी देईपर्यंत दुचाकीची चावी रुग्णाकडे नसावी.

एका एमआरआयवरून धीर सोडणे

ग्लिओब्लास्टोमाच्या किरणोपचारांनंतर पहिल्या सुमारे तीन महिन्यांत गाठ वाढल्यासारखी दिसू शकते आणि ती वाढ खरी नसून उपचारांची प्रतिक्रिया असू शकते. त्या एका अहवालावरून टेमोझोलोमाइड सोडून देऊ नये. पुढचा एमआरआय आधीच्या सर्व सीडींशी ताडून पाहायला सांगावे. लिम्फोमाच्या रुग्णांनी बरे वाटत असले तरी पहिली दोन वर्षे साधारण दर तीन महिन्यांनी एमआरआय काढावा. मधेच त्रास सुरू झाला म्हणून कपाटात उरलेली डेक्सामेथासोनची पट्टी उघडली, तर पुन्हा तेच निदान झाकले जाते.

रुग्णाला काहीच न सांगणे

‘त्यांना सांगू नका, खचून जातील’ ही विनंती प्रेमापोटीच होते. पण या आजारात बोलणे, आठवण आणि समज यांवरच घाला येऊ शकतो, आणि काही निर्णय रुग्णाशिवाय कोणी घेऊच नयेत. साठी ओलांडलेल्या लिम्फोमाच्या रुग्णात संपूर्ण मेंदूला किरणोपचार दिल्यास स्मरणशक्ती आणि चाल कायमची बिघडण्याचा धोका बराच असतो. तो पत्करायचा की नाही, हे बाबांना किंवा आईला विचारायला हवे. एकदम सगळे सांगण्याची गरज नाही. त्यांनी जितके विचारले तितके खरे सांगावे आणि डॉक्टरांच्या भेटीत त्यांना खोलीबाहेर बसवू नये. बँकेतील वारसनोंद, मुदतठेवींची माहिती, पेन्शनची कागदपत्रे ही कामेही, आपण कशावर सही करतो आहोत हे त्यांना पूर्ण समजते तोवर, त्यांच्याबरोबर बसून पूर्ण करावीत.